पाण्याच्या रॉकेटसाठी घरच्या मशीनवर पॅराशूट शिवायचं आहे, मदत करा

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. लेक यंदा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना पाण्याच्या रॉकेटचं वेड लागलंय. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, पुठ्ठ्याचे पंख, तिसरा हिस्सा पाणी आणि सायकलचा पंप. वर जाताना बघत राहावं असं जातं. खाली मात्र नाकावर येतं. आतापर्यंत सहा बाटल्या चेपल्या.

म्हणून पॅराशूट. कचऱ्याच्या काळ्या पिशवीची तीन करून झाली. पहिलं दोरा ओवलेल्या भोकापाशी फाटलं. दुसऱ्याची घडी चिकटून बसली, उघडलंच नाही. तिसरं उघडलं, पण रॉकेट झोक्यासारखं हेलकावत आलं आणि कडेवर आपटून पंख मोडला. घरात आईचं जुनं पायमशीन आहे, चालू आहे. आता कापडाचंच शिवायचं ठरवलंय, पण मला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही आणि आई आता नाही.

रॉकेट रिकामं, पंख-टोपीसकट अडीचशे ग्रॅम भरतं. कापड कुठलं घ्यावं? आकार गोल की आणखी कुठला? केवढं मोठं? बडोद्यात कुठे मिळेल? सगळं सांगा, मी लिहून घेतोय.

भाकरवडी

कापडाचं मला कळत नाही. फक्त विश्वामित्रीच्या काठी उडवू नका. पडलं तर मगरी परत आणून देणार नाहीत.

त्रिज्या

मापाचं मी सांगतो. उतरण्याचा वेग सेकंदाला पाच मीटरच्या आसपास ठेवा. त्याहून जोरात आलं तर पंख मोडतात, फारच हळू आलं तर वारा गावाबाहेर नेतो. साध्या सपाट गोल कापडाचा रोधांक, म्हणजे ते हवेला किती अडवतं त्याचा आकडा, ०.७५ धरतात आणि हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो. वजन आणि हवेचा रोध सारखे मांडले की अडीचशे ग्रॅमला सुमारे ०.२१ चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे ५२ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ. वजन दुप्पट झालं तर व्यास दुप्पट होत नाही, ७४ सेंटिमीटर होतो.

मे महिन्यात चाळीस अंशांत उडवाल तर हवा विरळ असते आणि वेग चारेक टक्क्यांनी वाढतो. त्याची काळजी नको.

वाऱ्याची मात्र करा. रॉकेट साठ मीटर वर गेलं आणि पाचच्या वेगाने उतरलं तर बारा सेकंद हवेत राहील. तेवढ्यात सेकंदाला पाच मीटरचा वारा त्याला साठ मीटर लांब नेईल. मैदान निवडताना हा हिशेब आधी करा.

साधंसरळ

मला कापडाचं खूळ पटत नाही. दोन लिटरच्या बाटलीला प्लास्टिक पुरतं. भोकापाशी फाटतं कारण तुम्ही नुसतं भोक पाडता. आधी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचा चौकोन लावा, मग भोक पाडा. घडी चिकटते त्याला टाल्कम पावडर. मी भाच्यासाठी अशी पाच-सहा केली, एकही फाटलं नाही. कापड जड, शिवण जड, खर्च वेगळा.

टीपवाली

दांडियाबाजारकर, मी तीस वर्षं चणियाचोळी शिवतेय. रॉकेट कधी जवळून बघितलेलं नाही, पण तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण हा प्रश्न माझा आहे.

सपाट गोल कापड हवेत भरलं की त्याला घुमटासारखं व्हायचं असतं. पण सपाट कापड घुमट होत नाही, कडेला चुण्या पडतात. चुण्या पडल्या की हवा एका बाजूने सुटते, मग दुसऱ्या बाजूने. माझ्या मते तुमचं तिसरं पॅराशूट त्यामुळेच हेलकावलं असणार. परकराला जे करतो तेच इथे करायचं. कळ्या लावायच्या. वर अरुंद, खाली रुंद, आणि कडा सरळ न ठेवता बाहेर फुगणारी. आठ कळ्या जोडल्या की कापड आपोआप घुमट होतं.

पन्नास सेंटिमीटर रुंद घुमटाची कळी पुठ्ठ्यावर अशी काढा. उंची ३९.३ सेंटिमीटर. टोकाला शून्य, टोकापासून पाव उंचीवर रुंदी ७.५, निम्म्यावर १३.९, पाऊण उंचीवर १८.१, तळाला १९.६. हे बिंदू हाताने गोलाईत जोडा. (ही गोलाई मी अंदाजाने काढते. आकडे जावयाने साइनचं कोष्टक लावून काढून दिले. माझी अंदाजाची कळी शेजारी ठेवली तर दोन मिलिमीटरचा फरक निघाला, त्याचा मला फार आनंद झाला.) मग दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर शिवणीसाठी सोडा आणि खाली दीड सेंटिमीटर दुमडीसाठी.

टोक टोकापर्यंत नेऊ नका. वरचे पाच सेंटिमीटर सरळ कापून टाका. आठ शिवणी एका बिंदूत आल्या की तिथे गाठोडं होतं आणि सुई मोडते. भोक राहिलं तर राहू दे, त्याला गोठ लावा.

कळीची मधली रेघ कापडाच्या उभ्या धाग्यावर आली पाहिजे. एक कळी उभी आणि एक उरेब (तिरकी) कापलीत तर उरेब कळी ताणली जाईल आणि अख्खं पॅराशूट एका अंगाला कलेल. कापड वाचवायला म्हणून कळ्या वाकड्या बसवू नका.

त्रिज्या

टीपवाली ताई, ते वरचं भोक नुसतं राहू देण्यासारखं नाही, ते हवंच असतं! व्यासाच्या पाचव्या हिश्शाएवढं भोक ठेवलं तर कापड चारच टक्के कमी होतं, पण आतली हवा कडेने धक्के मारत सुटण्याऐवजी मधून सरळ वर निघते आणि हेलकावे कमी होतात. तुमचे पाच सेंटिमीटर कापले की भोक बरोबर दहाच्या आसपास येतं, म्हणजे पन्नासचा पाचवा हिस्सा.

गार्नरिन नावाच्या फ्रेंच माणसाने २२ ऑक्टोबर १७९७ ला पॅरिसमध्ये बलूनमधून पॅराशूटने उडी घेतली, तेव्हा कापडाला मधे भोक नव्हतं. टोपली भयंकर हेलकावली. भोकाची युक्ती त्यानंतरची. तुम्ही सुई वाचवायला तिथेच पोचलात.

टीपवाली

सुई मोडली की फार वाईट वाटतं हो. म्हणून.

पतंगवेडा

दोऱ्यांचं मी लिहितो, उत्तरायण म्हणजे माझा सण.

मांजा अजिबात वापरू नका. काच लावलेला तर नाहीच. तो शेजारची दोरी कापतो, हात कापतो, आणि नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे. पिळाची दोरीही नको, ताण आला की ती उलगडत फिरते आणि आठही दोऱ्यांची वेणी होते. विणलेली घ्या, पडद्याच्या दुकानात पातळ मिळते.

लांबी व्यासाच्या दीडपट, पन्नासला पंचाहत्तर सेंटिमीटर. आखूड दोऱ्या तोंड आवळून धरतात, पॅराशूट पूर्ण फुलत नाही. आठही दोऱ्या एकत्र धरून एकदम कापा. पतंगाची किन्ना बांधताना एक बाजू बोटभर लहान झाली तर पतंग गोल फिरतो ना? इथेही तेच, फक्त आठ बाजू आहेत.

दोऱ्या जिथे एकत्र येतात तिथे मासे पकडण्याच्या सामानातली छोटी भोवरकडी लावा. रॉकेट खाली फिरत राहिलं तरी दोऱ्यांना पीळ बसणार नाही.

जुनीछत्री

कापड विकत कशाला? मोडकी छत्री घ्या. बहुतेक छत्र्यांना आठ काड्या असतात, म्हणजे आठ कळ्या आधीच शिवलेल्या. काड्या काढा, कडेला दोऱ्या बांधा, झालं. आमच्याकडे मुलांनी तसंच केलं होतं.

टीपवाली

छत्री चांगली, पण दोन गोष्टी. छत्रीची कळी घुमटापेक्षा बरीच चपटी असते आणि छत्री मोठी असते, मीटरभर. अडीचशे ग्रॅमला तेवढं कापड म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. उसवून त्याच कापडातून नव्या कळ्या कापा. छत्रीचं कापड पातळ, घट्ट विणीचं, धागे कमी सुटणारं. शिकायला याहून चांगलं नाही. जुनी शिवण उसवतानाच तुम्हाला कळेल की कळी कशी असते.

कलाभवन

मी होम सायन्सला क्लोदिंग अँड टेक्स्टाईल्समध्ये होते, त्यामुळे कापडाबद्दल थोडं सविस्तर.

सगळ्यात योग्य ते रिपस्टॉप नायलॉन. त्यात ठराविक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, बारीक चौकडी दिसते. फाटायला लागलं तर फाट त्या जाड धाग्यापाशी अडते. चौरस मीटरला चाळीस ते पन्नास ग्रॅमचं मिळालं तर तुमचं अख्खं पॅराशूट दोऱ्या धरून पस्तीस ग्रॅमच्या आत बसेल. साधंसरळ, म्हणून कापड जड हे तितकंसं खरं नाही. मंगळबाजार आणि लहरीपुऱ्याकडे चणियाच्या अस्तराचं टाफेटा भरपूर मिळतं, ते थोडं जड पण चालण्यासारखं. रेनकोटचं रबर लावलेलं घेऊ नका, घडी चिकटते. सुती मलमल हवा सोडते आणि दमट हवेत जड होते.

शिवताना:

नायलॉनला टाचणीचं भोक कायम राहतं, म्हणून टाचण्या फक्त शिवणीच्या जागेत किंवा कपड्यांचे चिमटे. धागा पॉलिएस्टरचा. सुई ११ नंबरची, नवी. टाका अडीच-तीन मिलिमीटर. टाका फार बारीक घेतला तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि कापड तिथूनच फाटतं. वरच्या धाग्याचा ताण थोडा सैल करा, नाहीतर शिवण चुणते.

कडा कापताना बोथट कात्रीने धागे सुटतात. वितळवून कापायची पद्धत आहे, पण मुलींनी ती मोठ्यांशिवाय करू नये.

टीपवाली

कलाभवन ताई, कापडाचं सगळं मान्य. शिवण कुठली सांगाल? मी पायजम्याला घालतो ती चपटी दुहेरी शिवण घालेन. एक कड दुसरीत गुंडाळून वरून दोन टिपा. धागे आत बंद, दोन्हीकडून ताण वाटला जातो.

कलाभवन

पॅराशूटला ताकदीसाठी चपटीच वापरतात, तुमचं बरोबर आहे. पण पहिल्यांदा मशीनवर बसणाऱ्या माणसाला निसरड्या कापडावर गोलाईत चपटी शिवण जमणार नाही. मी उलट-सुलट म्हणेन. आधी कापडाच्या सुलट बाजूवर एक टीप, कड कातरायची, उलटायचं, मग आतून दुसरी टीप. अडीचशे ग्रॅमला पुरून उरते.

टीपवाली

शिकवली की जमते हो. पण जाऊ दे, त्यांचं पहिलं आहे. एक युक्ती मात्र लिहून घ्या. कापड मशीनच्या दातांवर घसरत असेल तर खाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून शिवा. शिवून झाली की कागद टिपेवरून फाडून काढा. आम्ही शिफॉनला असंच करतो.

पतंगवेडा

पतंगाचा कागद उपयोगी पडला हे वाचून माझा दिवस चांगला गेला.

आकाशकंदील

कळ्यांवरून आठवलं, म्हणून थोडं अवांतर.

नासाची पर्सिव्हिअरन्स ही गाडी १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरली. तिचं पॅराशूट २१.५ मीटर व्यासाचं, ऐंशी कळ्यांचं, नारिंगी आणि पांढरं. खाली आलेल्या चित्रात रंगांची रांग विचित्र दिसत होती. लोकांनी बसून ती उलगडली. पांढरी म्हणजे शून्य, नारिंगी म्हणजे एक, आणि त्यातून एक इंग्रजी वाक्य तयार होत होतं. बाहेरच्या कड्यात ती गाडी बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे अक्षांश-रेखांश होते. टीपवाली ताई, ही तुमच्या जातीची माणसं.

आणि आपल्याकडचं. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गगनयानाची टीव्ही-डी१ चाचणी झाली. त्यात एक नाही, दहा पॅराशूट होती. झाकण काढणारी, वेग आवरणारी, मोठ्यांना बाहेर ओढणारी आणि शेवटी तीन मोठी. ही पॅराशूट डीआरडीओच्या आग्र्याच्या एडीआरडीई संस्थेत तयार होतात. तीनमधली दोन उघडली तरी यान सुखरूप उतरावं असा हिशेब असतो. अपोलो १५ परत आलं तेव्हा, ७ ऑगस्ट १९७१ ला, तीनपैकी एक पॅराशूट मिटलं होतं आणि तिघेही अंतराळवीर सुखरूप उतरले.

गरबाप्रेमी

चोवीस कळ्यांचा चणिया घालून फिरकी घेतली की तो असाच फुलतो. आता नवरात्रात मैदानावर बघताना मला सगळीकडे पॅराशूटच दिसणार.

टीपवाली

आकाशकंदील, ते ऐंशी कळ्यांचं वाचून मी मशीन थांबवून बसले. आमच्याकडे लग्नाचा सगळ्यात मोठा घेरही एवढ्याला जात नाही. आणि रंगांची रांग एका ठिकाणी चुकली असती तर सगळं वाक्यच बिघडलं असतं. केवढ्या निगुतीने लावल्या असतील.

चोरपाकीट

पाण्याने काय होणार? फटाक्यातली दारू काढून पुठ्ठ्याच्या नळीत भरली की शंभर मीटर सहज जाईल. आम्ही लहानपणी केलंय.

त्रिज्या

हे इथेच थांबवा, कृपया. फटाके फोडून दारू काढणं आणि नळीत ठासणं यात बोटं आणि डोळे जातात. शिवाय परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. इथे नववीतल्या मुली वाचताहेत. पाण्याचंही जपून. चेहऱ्यावर गॉगल, सोडताना सगळे दहा पावलं मागे, आणि चरा पडलेली बाटली पुन्हा वापरायची नाही.

चोरपाकीट

मान्य. मुली वाचताहेत हे लक्षात आलं नाही. माझा प्रतिसाद काढायला सांगतो.

दांडियाबाजारकर

मंडळी, नऊ दिवसांनी येतोय. सगळ्यांचं सगळं वाचलं, वहीत उतरवलं.

शेजारच्या काकूंची मोडकी छत्री मिळाली, निळी. लेकीने आणि मी उसवली, एक संध्याकाळ गेली. पुठ्ठ्याची कळी टीपवाली ताईंच्या मापाने. शिवण कलाभवन ताईंची, उलट-सुलट. पहिल्या दोन कळ्या जोडायला दीड तास लागला, शेवटच्या दोन वीस मिनिटांत. पतंगाच्या कागदाची युक्ती नसती तर एकही झाली नसती. अर्धवट दिवाणखान्यात पसरून ठेवलं होतं तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, हे आजीच्या परकरासारखं दिसतं." आईचा परकर कपाटात होता. काढून शेजारी ठेवला. सहा कळ्यांचा, हाताने शिवलेला, प्रत्येक शिवण चपटी दुहेरी. टीपवाली ताई, तुम्ही सांगितलेलीच. मला इतकी वर्षं ती शिवण आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

गच्चीवरून चाचणी घेतली. नऊ मीटर उंची, अडीचशे ग्रॅम वाळूची पिशवी, तिन्ही मुली घड्याळ घेऊन खाली. सरासरी अडीच सेकंद. हेलकावा जवळपास नाही.

त्रिज्या

सुटल्यापासून पूर्ण वेग पकडेपर्यंतचा थोडा वेळ वजा केला तर हा वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास येतो. सपाट गोलाला ५२ सेंटिमीटरमध्ये पाच मिळाला असता. तुम्हाला पन्नासमध्ये चार मिळाला. घुमटाचा रोध जास्त असतो तो असा दिसतो.

साधंसरळ

हेलकावा नाही हे वाचून मी माझ्या भाच्याच्या प्लास्टिकवाल्याला मधे भोक पाडून बघितलं. फरक पडला. कापडाचं मत अजून बदललेलं नाही, पण भोकाचं बदललं.

पतंगवेडा

उडवण्याआधी घडीचं सांगतो, तिथे चांगली पॅराशूट वाया जातात. आठही शिवणी एकावर एक घ्या, चार कळ्या डावीकडे, चार उजवीकडे, पुस्तकासारख्या. मग लांब पट्टीची नागमोडी घडी. दोऱ्या घडीभोवती घट्ट गुंडाळू नका, नागमोडी ठेवून वर सैल दोन वेढे. आणि आदल्या रात्री घडी करून ठेवू नका, उडवायच्या आधी करा.

दांडियाबाजारकर

रविवारी उडवलं. गावाबाहेरचं मोकळं शेत, मालकाला विचारून. पहिल्या खेपेला टोपी उशिरा सुटली आणि पॅराशूट जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर उघडलं, तरी बाटली वाचली. दुसऱ्या खेपेला वरच उघडलं. निळ्या आभाळात निळं कापड, आधी दिसेचना. मग लेकीच्या मैत्रिणीने बोट दाखवलं. बारा सेकंद मोजले. चाळीस पावलांवर एरंडाच्या शेतात अलगद बसलं, एकही पंख मोडला नाही. तिघी धावत सुटल्या आणि मी पंपापाशी उभा राहिलो.

एक दोरी कापडापाशी उसवत आलीय. तिथे काय करू? आणि पुढचं लेकीला स्वतः, चपट्या शिवणीने शिवायचंय. तिने आजीचा परकर समोर ठेवलाय.

टीपवाली

दोरी नुसती शिवणीत घातलीत ना? नाडीच्या पट्टीचा छोटा फास करा, तो शिवणीवर तीन सेंटिमीटर वरपर्यंत नेऊन चौकोनात टीप घाला, मधे फुली. दोरी फासाला बांधा, म्हणजे बदलताही येईल.

परकराची एक शिवण आतून नीट बघायला सांगा तिला. कुठली कड वर आहे ते कळलं की निम्मं काम झालं. आणि आता नारिंगी कापड घ्या, निळं नको. चार नारिंगी, चार पांढऱ्या. माझ्याकडे अस्तराचे तुकडे पडलेले आहेत, दोन्ही रंगांत, व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवते. येताना तुमच्या मशीनचं बॉबिन घेऊन या, भरून देते.